‘सगळे वापरतात म्हणून विंडोजला व्हायरस’ हे अर्धंच खरं

व्हॉट्सॲपवर हा मजकूर पुन्हा फिरतोय: “विंडोज सगळं जग वापरतं, म्हणून व्हायरस तिथेच. लिनक्स आणि मॅक कोणी वापरत नाही, म्हणून चोर तिकडे फिरकत नाहीत. रचनेत काही फरक नाही. उद्या लिनक्स लोकप्रिय होऊ दे, मग बघा!” लिनक्स म्हणजे विंडोज, मॅकसारखीच संगणक चालवणारी प्रणाली. आता एकेक वाक्य घेऊ.

‘सगळे वापरतात म्हणून.’ यात तथ्य आहे. व्हायरस लिहिणाराही गर्दी बघूनच दुकान थाटतो. पण तेवढंच कारण असतं, तर २००१ च्या जुलैमध्ये कोड रेड हा वर्म (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा व्हायरस) अपाची या वेबसाइट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर तुटून पडायला हवा होता, कारण तेव्हा बहुतेक वेबसाइट अपाचीवर चालत. तो पडला मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या तशाच सॉफ्टवेअरवर, आणि चौदा तासांच्या आत साडेतीन लाखांहून जास्त मशीन त्याने धरली. गर्दी एकीकडे, आग दुसरीकडे.

‘लिनक्स कोणी वापरत नाही.’ नोव्हेंबर २०१७ पासून जगातले पहिले पाचशे महासंगणक एकजात लिनक्सवर आहेत. निम्मं इंटरनेट त्याच्या खांद्यावर आहे म्हटलं तरी कमीच. आणि चोर तिकडे फिरकतात की! २०१६ च्या मिराई या घातक प्रोग्रामने घरोघरचे राउटर आणि कॅमेरे पकडले, तेही लिनक्सवालेच. कुलूप फोडावं लागलंच नाही, कारण कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता. मॅकवाल्यांनीही हसू नये. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक या घातक प्रोग्रामने जावा या सॉफ्टवेअरमधल्या भोकातून सहा लाखांच्या आसपास मॅक गाठले होते, आणि त्या भोकाची दुरुस्ती ॲपलने जावावाल्या ओरॅकल कंपनीनंतर जवळजवळ दोन महिन्यांनी दिली.

‘रचनेत फरक नाही.’ खरी गफलत इथे आहे. घरच्या विंडोज एक्सपीवर पहिलं खातं उघडलं की ते थेट ॲडमिनिस्ट्रेटर. म्हणजे गाणी ऐकणाऱ्या पोराच्या हातात अख्ख्या वाड्याच्या किल्ल्या. त्याने ज्या फाइलवर क्लिक केलं, तिलाही त्याच किल्ल्या मिळायच्या. लिनक्सवर रोजचं खातं साधं असतं, सिस्टिमला हात लावायचा तर पासवर्ड द्यावा लागतो. उतरवलेली फाइल चालवायची परवानगीही सहसा वेगळी द्यावी लागते. सॉफ्टवेअर बहुतेकदा लिनक्स पुरवणाऱ्या वितरकाच्या, डिजिटल सही केलेल्या भांडारातून येतं, ‘फ्री डाउनलोड’च्या पाचव्या हिरव्या बटणातून नव्हे.

त्यात ऑटोरन, म्हणजे ड्राइव्हमधला प्रोग्राम आपोआप सुरू करणारी सोय. झेरॉक्सच्या दुकानात दोन पानांची प्रिंट काढायला पेन ड्राइव्ह द्यायचा आणि घरी व्हायरस घेऊन यायचा, हे मी इतक्यांदा केलंय की नंतर मेलच करू लागलो. दुकानदाराचा दोष नव्हता. ड्राइव्हच्या चिन्हावर दोनदा क्लिक केलं की त्यातली ऑटोरन फाइल सांगेल तो प्रोग्राम सुरू व्हायचा; माणसाला फक्त फोल्डर बघायचे असायचे. २००८ च्या कॉनफिकर वर्मने याच सोयीचा फायदा घेतला. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवर पेन ड्राइव्हसाठी ती बंद करणारा अपडेट सगळ्यांकडे धाडला. त्याआधी, २००४ मध्ये, एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने (मोठ्या अपडेटने) फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणारं नको ते अडवणारी भिंत, आपोआप चालू ठेवली होती. विंडोज वापरणारे कमी झाले नाहीत, तरी दारं बंद झालीच. फरक नव्हता, तर मग मायक्रोसॉफ्टने एवढं काय दुरुस्त केलं?

‘लिनक्स लोकप्रिय होऊ दे.’ अहो, झालंय! अँड्रॉइडचा गाभा लिनक्सच आहे आणि तो आपल्यातल्या बहुतेकांच्या खिशात आहे. त्याच्यावर व्हायरस येतात का? येतात. पण येतात कसे, ते बघा. ‘आरटीओ चलान’ किंवा ‘लग्नपत्रिका’ नावाची एपीके (ॲप बसवणारी) फाइल व्हॉट्सॲपवर येते. फोन विचारतो, अनोळखी ठिकाणचं ॲप टाकू का? आपण हो म्हणतो. ॲप विचारतं, एसएमएस वाचू का? आपण पुन्हा हो म्हणतो. मग बँकेचा ओटीपी जातो. सुरुवातीच्या एक्सपीवर असले प्रश्न सहसा कोणी विचारत नव्हतं.