बेळवडीची सावित्री की मल्लम्मा? एका फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवर आला. आधी शाळेतल्या जुन्या मैत्रिणींच्या, मग गावच्या, मग भजनी मंडळाच्या आणि शेवटी माहेरच्या ग्रुपवर, तोही मामांकडून. मजकूर लांबलचक आहे. सार एवढंच की इतिहास, देवधर्म आणि संस्कृतीवर ‘वेगळ्या नजरेनं’ बोलणारे पॉडकास्ट म्हणजे आपल्या मुलांना मुळापासून तोडायचा डाव आहे. कारणं पाच दिली आहेत. बोलणारे इतिहासकार नसतात. पिढ्यान्‌पिढ्या ऐकलं त्याहून निराळं सांगून ते महापुरुषांना खाली ओढतात. श्रद्धेवर प्रश्न विचारून श्रद्धेचा अपमान करतात. सीमाभागातल्या जैन, मुसलमान, कन्नड राजवटींच्या गोष्टी सांगून मराठी माणसाची बाजू लुळी करतात. आणि तासन्‌तास ऐकून पोरांचं वाचन सुटतं. शेवटी, ‘खरे मराठी असाल तर दहा जणांना पाठवा.’

मी मराठी आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात वाढले, मराठी शाळेत इतिहास शिकवते आणि रोज बसमधून येता-जाता कानात पॉडकास्ट लावते. दहा जणांना काही पाठवलं नाही. पाचही मुद्द्यांना उत्तर मात्र देते, कारण पाठवणारी माणसं माझी आहेत आणि त्यांची भीती खोटी नाही.

पहिला मुद्दा, बोलणारे इतिहासकार नसतात. काही नसतात, हे खरं. ‘हार्डकोर हिस्टरी’वाला डॅन कार्लिन २००६ पासून बोलतोय आणि आपण इतिहासकार नाही हे तो स्वतःच सांगतो. उलट बीबीसीच्या ‘इन अवर टाईम’मध्ये १९९८ पासून त्या त्या विषयाचे प्राध्यापक बोलावले जातात. दोन्ही पॉडकास्ट म्हणूनच ऐकले जातात, तेव्हा सगळ्यांना एका दावणीला बांधता येत नाही. आणि पदवीचीच अट घालायची तर आपल्याच इतिहासाचं काय उरेल? इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं उघडून कागद गोळा करत होते. रियासतकार सरदेसाई बडोद्याला गायकवाडांच्या नोकरीत होते. आपल्या खानापूर तालुक्यातल्या हलशीला सापडलेले कदंब राजांचे ताम्रपट ज्यानं वाचून छापले, तो फ्लीट सरकारी अधिकारी होता. या तिघांना आपण मानतो ते त्यांनी कागद आणि ताम्रपट पुढे ठेवले म्हणून. पॉडकास्टवाल्यालाही हाच प्रश्न विचारायचा: बाबा, हे तू कशावरून म्हणतोस?

पुष्कळ जण या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. ‘तुमच्यापासून दडवलेलं सत्य’ अशा नावाचे भाग मी पाच मिनिटांत बंद करते. मागच्या वर्षी एका निवेदकानं कित्तूरचा उठाव १८५७ च्या बंडाचा भाग म्हणून सांगितला. कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या सैन्याशी लढताना कलेक्टर थॅकरे मारला गेला तो ऑक्टोबर १८२४ मध्ये, म्हणजे त्या बंडाच्या तेहेतीस वर्षं आधी. मी तसं लिहून कळवलं. पुढच्या भागाच्या सुरुवातीलाच त्यानं चूक कबूल केली. मामांनी पाठवलेल्या मेसेजखाली कुणाचं नावच नाही. त्यातली चूक कळवायची तरी कुणाला?

दुसरा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागला, कारण त्यात महाराज आहेत. मेसेजमधलं उदाहरण बेळवडीचं आहे. ‘शिवाजी महाराजांना एका बाईनं अडवलं’ असं कुठल्याशा पॉडकास्टनं सांगितलं आणि तो म्हणे महाराजांचा अपमान. तर घडलं काय ते आधी बघू. दक्षिणेची मोठी मोहीम करून महाराज परतत होते. १६७८ ची सुरुवात होती. बेळवडी आजच्या बैलहोंगल तालुक्यात येते. तिथल्या देसाईणीच्या माणसांनी मराठी फौजेच्या सामानाचे बैल पळवले आणि त्यावरून गढीला वेढा पडला. बाई शरण येईना. गढी २७ दिवस लढली असं इतिहासकार जदुनाथ सरकार लिहितात. राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी फेब्रुवारी १६७८ च्या पत्रात ही बातमी कळवली आहे, की एवढी राज्यं जिंकलेल्या या राजाला ही देसाईण काही आवरत नाही. इंग्रज काही महाराजांचे हितचिंतक नव्हते. त्यांचा खवचटपणा वजा करून पत्र वाचायचं. तो वजा केला तरी वेढा लांबला ही गोष्ट उरतेच.

आता त्या बाईचं नाव. आपल्याकडे ती सावित्रीबाई. बैलहोंगलच्या कुठल्याही कन्नड घरात विचारा, ती बेळवडी मल्लम्मा. आपल्या बाजूला सांगतात की गढी पडल्यावर सखूजी गायकवाडानं तिच्याशी गैरवर्तन केलं आणि महाराजांनी आपल्याच सरदाराला कडक शिक्षा दिली. कन्नड बाजूला सांगतात की नवरा पडल्यावर मल्लम्मानं बायकांची फौज उभी केली, आणि महाराजांनी तिचं शौर्य ओळखून मानानं तिला तिची गढी परत केली. त्या प्रसंगाचं म्हणून एक शिल्प धारवाडजवळच्या यादवाडला दाखवतात.

आठवीच्या वर्गात मी या दोन्ही गोष्टी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिल्या होत्या. एका मुलीची शेजारीण कन्नड शाळेत जाते, त्यामुळे मल्लम्मा तिला आधीच ठाऊक होती. तिनं हात वर केला. ‘टीचर, मग खरं नाव कुठलं?’ मी म्हटलं, नावाचं नंतर बघू, आधी सांग, दोन्ही गोष्टींत सारखं काय आहे? बराच वेळ वर्गात कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘दोन्हीत महाराजांनी बाईचा मान राखला, टीचर.’

महाराज कुणाला खाली ओढलेले दिसत असतील तर मला तरी ते इथं दिसत नाहीत. जिच्याशी वेढा घालून लढले, तिच्या मुलखातली माणसं आज साडेतीनशे वर्षांनी महाराजांचं नाव आदरानं घेतात. ही गोष्ट आपल्या मुलांपासून लपवायची, आणि ती महाराजांच्या भक्तीपोटी? मला हे पटत नाही. पटवूनही घेणार नाही.

तिसरा मुद्दा श्रद्धेचा. आमची आजी मार्गशीर्ष पुनवेला सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर जायची. जोगुळबावीत आंघोळ, कपाळभर भंडारा, ‘उदं गं आई उदं’. घरी देवळीत यल्लम्माची परडी असायची आणि तिला हात लावायच्या आधी आम्हाला पाय धुवावे लागत. हीच आजी रेणुकेची, म्हणजे यल्लम्माचीच, कथा सांगताना जमदग्नीच्या कोपापाशी आली की थांबायची. ‘मन एकदा चळलं म्हणून आईचं मुंडकं उडवायचं? आणि ते पण लेकानं? हा कुठला न्याव गं?’ दरवर्षी हाच प्रश्न. मग परडीला हात जोडायची आणि पुढची कथा सांगायची. तिची श्रद्धा त्या प्रश्नानं कधी उणावली नाही. प्रश्न तिनं कुठल्या पॉडकास्टवर ऐकला नव्हता. आईच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं, एवढंच.

आणि प्रश्न विचारले नसते तर काय झालं असतं? देवीच्या नावानं पोरी सोडण्याविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये कायदा झाला, तेव्हा आपला जिल्हा त्याच इलाख्यात होता. कर्नाटकानं पुन्हा १९८२ मध्ये कायदा केला. दोन्ही वेळा कुणीतरी ‘हे देवीला हवंय की माणसांना?’ असं विचारलं होतं, आणि त्यांनाही तेव्हा धर्मबुडवे म्हटलं गेलं. देवी आहे तिथंच आहे. डोंगरावरची गर्दीही कमी झालेली नाही.

मी ऐकलेल्या एका भागात एक म्हातारी जोगतीण बोलत होती. एक वाक्य मराठीत, एक कन्नडमध्ये, मधेच चौंडक्याचा एक ठेका. तिला लहानपणी कुणी सोडलं, हे सांगताना ती गप्प झाली. बोलतं करणाऱ्या मुलीनं ती शांतता कापली नाही, तशीच ठेवली. आठ-दहा सेकंद नुसता पंख्याचा आवाज. बसमध्ये खिडकीशी बसून मी ते ऐकलं आणि माझा स्टॉप निघून गेला. बखर लिहिणाऱ्यांनी या बाईला विचारलं नाही, गॅझेटिअरवाल्या साहेबानंही विचारलं नाही. तिला लिहिता येत नाही. तिच्याजवळ आवाज आहे, आणि आवाज साठवणारं साधन आता कुठं तिच्यापर्यंत आलंय. यात देवीचा अपमान कसा झाला, ते मला कुणीतरी समजावून सांगावं. त्या बाईनं बोलणं संपवताना हात जोडून ‘उदं’ म्हटलं, तेही त्याच भागात आहे.

चौथा मुद्दा खरा नाजूक. आपल्या भागात जैन, मुसलमान, कन्नड राजवटींबद्दल बोललं की मराठी बाजू कमजोर होते. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. १९५६ मध्ये बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं तेव्हापासून या जिल्ह्यातल्या मराठी घरांनी काय सोसलंय ते मला सांगायला नको, आमच्याही घरात १ नोव्हेंबरला काळी फीत बांधतात. पण आपण मागतोय काय आणि कशाच्या आधारावर? खेडे हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकांची इच्छा. ८१४ गावं महाराष्ट्राला मिळावीत ही मागणी या चार पायांवर उभी आहे. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल आपण नाकारला तो याच निकषांवर, आणि २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला त्याच्या मुळाशीही हेच आहे. या चारांत ‘इथं आधी राज्य कुणाचं होतं’ हा पाय कुठंही नाही. मग बेळगावच्या किल्ल्यातली कमलबस्ती, म्हणजे तिथलं जैन मंदिर, १२०४ मध्ये रट्ट घराण्यातला राजा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं बांधली, हे मोठ्यानं म्हटलं तर आपलं एक तरी गाव कमी होतं का?

एकदा वर्गाला घेऊन गेले होते त्या बस्तीत. बाहेर ऊन रणरणत होतं, आत दगड गार. मंडपाच्या छतात कोरलेलं कमळ उलटं लोंबतंय. मान वर करून बघायचा कंटाळा आला म्हणून एक पोरगा सरळ फरशीवर उताणा झोपला, मग त्याच्या शेजारी दुसरा. मी ओरडणार होते, तेवढ्यात तिथला पुजारी म्हणाला, ‘असू दे, असंच दिसतं ते.’ मग अख्खा वर्ग ओळीनं उताणा. त्याच किल्ल्यात असदखानाची सफा मशीद आहे, वेशीपाशी दुर्गेचं देऊळ आहे. एका तटाच्या आत, चालत पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर. हे सगळं बेळगाव आहे, आणि ‘आमचं बेळगाव’ म्हणताना मला यातलं काही वगळायचं नाही.

उलटही बघा. रट्टांचं राज्य संपवलं ते देवगिरीच्या यादवांनी. यादव म्हटलं की आपली छाती फुगते. त्या यादवांचे शिलालेख मराठीत आहेत, संस्कृतात आहेत आणि पुष्कळसे कन्नडमध्येही आहेत. ज्ञानदेवांनी आपल्या विठ्ठलाला कानडा म्हटलं. चन्नम्मांचा शिलेदार संगोळ्ळी रायण्णा याला इंग्रजांनी १८३१ मध्ये फाशी दिलं ते नंदगडला, आपल्या मराठी नंदगडला, आणि त्याच्या समाधीवर मराठी घरंही डोकं टेकवतात. हे सांगणाऱ्या पोराला ‘फितूर’ म्हणायचं, तर ‘काय करूलास?’ असं कानडी हेल काढून बोलणाऱ्या आपल्या जिभेला काय म्हणायचं? आपल्या मराठीला हा शेजार लागलेला आहे, आणि म्हणूनच ती पुण्याच्या मराठीसारखी नाही, आपली आहे. आपला झगडा शेजाऱ्याशी कधी नव्हता. सातबाऱ्याचा उतारा, बसची पाटी, शाळेतला मराठी मास्तर, हे आपल्या भाषेत मिळावं यासाठी आहे. तो झगडा उद्याही चालेल आणि मी त्यात असेन.

वाचन सुटतं या पाचव्या मुद्द्याला फार वेळ देत नाही. ज्या मुलीनं नाव कुठलं म्हणून विचारलं, तिनं दुसऱ्या आठवड्यात ग्रंथालयातून बखर मागितली. मोडीतली मूळ प्रत बघायला मिळेल का, हेही विचारलं. पॉडकास्ट नव्हते तेव्हाही न वाचणारे वाचत नव्हतेच.

हे सगळं मी माहेरच्या ग्रुपवर टाकलं नाही. एवढं लांबलचक तिथं कुणी वाचत नाही, आणि मामांना चारचौघांत उत्तर देणं मला बरं वाटलं नाही. रात्री फोन केला. बेळवडीचं सगळं सांगितलं, सखूजी गायकवाडाचंही. मामा मधे एकदाही बोलले नाहीत. मला वाटलं, रागावले.

‘ते शिल्प कुठं म्हणालीस गं? यादवाड?’

‘हो मामा. धारवाडच्या अलीकडे.’

‘सकाळच्या गाडीनं गेलं तर संध्याकाळपर्यंत परत येणं होतंय काय बघ. रविवारी मी मोकळाच आहे.’