पगारदाराला कसला खर्च?

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पुतणीने गेल्या महिन्यात विचारले, की कोथरूडहून हिंजवडीला जाण्यायेण्याचे पेट्रोल आणि घरून काम करता यावे म्हणून घेतलेला इन्व्हर्टर यांचा खर्च उत्पन्नातून वजा का होत नाही. करसल्लागार असलेल्या आमच्या दादाने एका ओळीत विषय मिटवला: "पगारदाराला कसला खर्च? 75,000 ची प्रमाणित वजावट मिळते ना." येथे श्टुटगार्टमध्ये बसून मी ती ओळ वाचली आणि ती अजून मनातून जात नाही.

ही वजावट, म्हणजे पगारातून पावतीविना सरसकट वजा होणारी रक्कम, 2005 साली काढून घेतली गेली आणि 2018 च्या अर्थसंकल्पात 40,000 रुपयांच्या रूपाने परत आली, तेव्हा 19,200 रुपयांचा प्रवासभत्ता आणि 15,000 रुपयांची वैद्यकीय प्रतिपूर्ती यांवरची सवलत बंद झाली, म्हणजे हाती नवे आले ते अवघे 5,800 रुपये. पुतणीच्याच शेजारच्या टेबलावर तेच काम करणारा अभियंता सल्लागार म्हणून बिल देत असेल, तर आयकर कायद्यानुसार ठरावीक मर्यादेपर्यंत त्याची निम्मी जमा एकही पावती न मागता खर्च म्हणून धरली जाते. काम एक, पेट्रोल एक; मग खर्च एकाचाच का?

पावत्या मागितल्या की खोट्या पावत्या येतात, असे दादा म्हणतो, आणि घरभाड्याच्या पावत्यांचा आपला अनुभव पाहता ते मला मान्य आहे. परंतु येथे जर्मनीतही कोणी पेट्रोलच्या चिठ्ठ्या जमवत नाही. माझे कार्यालय घरापासून 24 किलोमीटरवर आहे. 2025 च्या दरांनी पहिल्या 20 किलोमीटरना 30 सेंट आणि पुढच्या चारांना 38 सेंट धरले, की 200 दिवसांचे 1,504 युरो उत्पन्नातून वजा होतात, मग मी एस-बान या लोकल रेल्वेने जावो की सायकलने. घरून काम केलेल्या दिवसाचे सहा युरो, वर्षाला जास्तीत जास्त 1,260. ज्याचा खर्च कमी, त्याला 1,230 युरो सरसकट मिळतातच. कमावण्यासाठी माणसाला काही वेचावे लागते, एवढे कायद्याने मान्य करणे मला सन्मानाचे वाटते, आणि आपल्याकडे तो सन्मान दुकानदाराला मिळतो, नोकरदाराला मिळत नाही, हे सलते.

मात्र याच विवरणपत्रात माझे सर्वांत मोठे खर्च बसत नाहीत, हे मी गटावर लिहिले नाही. जर्मन शिकण्यासाठी तीन वर्षे संध्याकाळच्या वर्गांना दिलेले पैसे खासगी ठरले, कारण देशाची भाषा शिकणे हा सामान्यतः जगण्याचा भाग मानला जातो, जरी तिच्याविना माझी नोकरी टिकली नसती. दर वर्षीचे पुण्याचे विमानभाडेही खासगीच.

एक गोष्ट मात्र बसू शकली असती. परदेशातील आईवडिलांना पाठवलेली रक्कम येथे वजा होते. देशांच्या उत्पन्नानुसार पाडलेल्या गटांपैकी भारत सर्वांत खालच्या गटात असल्याने 2025 साठी मर्यादा पूर्ण रकमेच्या एक चतुर्थांश, म्हणजे माणशी 3,024 युरो. त्यासाठी आईवडिलांनी आपले उत्पन्न लिहून द्यायचे आणि ते गरजू असल्याचे तेथील सरकारी कचेरीने शिक्का मारून सांगायचे. बाबा सांगलीला हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. चाळीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब पैशापर्यंत जुळवले, पेन्शन नाही. गेल्या दिवाळीत मी तो अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, सही न करता घडी घातली आणि माझ्या बॅगेत ठेवून दिला.

"मुलगा आईबापाला देतो, तो कसला खर्च?" ते म्हणाले.

पैसे दर महिन्याला जातात. तो रकाना मी या जुलैतही रिकामाच ठेवला.