खुलासा : 'डेड कॅन डान्स' आणि 'ग्लॅडिएटर'

'ग्लॅडिएटर' चित्रपटाच्या संगीताचं काम मिळाल्यावर गायिका लिसा जेरार्डने 'डेड कॅन डान्स' या दोघांच्या बँडमधला जोडीदार ब्रेंडन पेरीची साथ सोडली आणि दोघं पुन्हा कधी एकत्र आले नाहीत, असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. तारखाच पाहा : जोडी फुटली 1998 मध्ये, चित्रपट आला 2000 साली.

दोघांच्या वाटा त्याआधीच वेगळ्या होऊ लागल्या होत्या. 1981 मध्ये मेलबर्नला सुरू झालेला बँडचा गिटारचा काळोखा नाद 1990 च्या 'आयॉन' अल्बमपर्यंत मध्ययुगीन युरोपच्या संगीतापर्यंत पोचला. पुढे पेरी आयर्लंडमध्ये राहू लागला, जेरार्ड ऑस्ट्रेलियात. तिचा स्वतंत्र अल्बम 1995 चा.

शिवाय 2005 मध्ये दोघांनी एकत्र दौरा केला, 2012 मध्ये 'अनास्तासिस' हा अल्बम काढला. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.