एश्रेफ आर्माआनला चमत्कार म्हणू नका राव

तो व्हिडिओ परत फिरायला लागलाय. तुर्कस्तानचा जन्मांध चित्रकार, बोटांनी कॅनव्हासवर रंग लावतोय, मागे रडकं व्हायोलिन, वर 'देवाची करणी' छाप कॅप्शन आणि खाली कमेंटमध्ये नुसते हात जोडलेले इमोजी. कुणाच्या श्रद्धेला बोट लावायचं नाहीये मला. पण ज्या माणसाने आयुष्यभर खपून एक अख्खी पद्धत उभी केली त्याचं सगळं क्रेडिट परस्पर वरच्याला देऊन टाकायचं, आणि आपण एक लाइक ठोकून पुढच्या रीलकडे जायचं, हे काय मला पटत नाही. म्हणून आज जरा लांबड लावतोय, वेळ असेल तर वाचा.

एश्रेफ आर्माआन. जन्म 1953, इस्तंबूल, घरची परिस्थिती बेताची. दोन्ही डोळे जन्मतःच कामातून गेलेले, म्हणजे आपल्यासारखं बघणं काय असतं हे ह्या माणसाने कधी अनुभवलेलं नाही. शाळा नाही, क्लास नाही, आर्ट कॉलेज तर लांबची गोष्ट. लिहायलाही स्वतःचं स्वतः शिकला. चित्रं काढायचा नाद लहानपणापासूनचा, आधी कागद-पेन्सिल, मग मोठेपणी रंग, आणि ते सगळं चाळीस-पन्नास वर्षं चालू. मुळात त्याला हे करायची गरजच काय होती, हा प्रश्न लोकांना पडतो. अरे, आपल्याला पडतो का कधी आपल्या मुलाबद्दल, की भिंतीवर रेघोट्या का मारतोय म्हणून?

आता पद्धत ऐका, कारण खरी गंमत तिथेच आहे. ब्रेल लिहायला जी टोकदार सळई असते ना, स्टायलस, ती घेऊन तो आधी आकाराची बाह्यरेषा दाबून कोरून घेतो. उजव्या हाताने रेघ ओढायची आणि डावा हात तिच्या मागेमागे, कुठून निघालो, कुठे वळलो, कुठे येऊन मिळायचंय ह्याचा हिशोब बोटांवर. आपण चित्र काढताना नजर जे काम करते ते त्याचा डावा हात करतो, इतकं सरळ आहे. मग रंग, तोही बोटानेच. एक रंग लावला की थांबायचं, ऑइल असेल तर दोन-तीन दिवससुद्धा, कारण ओल्या रंगावर दुसरा हात पडला की सगळा काला झाला. वाळला की पुढचा रंग. पुढे ॲक्रिलिक वापरायला लागला, ते लवकर वाळतं. आणि काम करताना त्याला खोलीत चिडीचूप लागतं, मदतीला कुणी नको.

पोर्ट्रेटची युक्ती तर अजून भारी. कुणाचा तरी फोटो घ्यायचा, डोळस माणसाला सांगायचं की ह्या चेहऱ्याच्या रेषा दाबून गिरव. मग कागद उलटा केला की मागच्या बाजूला रेषा उठून आलेल्या असतात. डाव्या हाताने त्या चाचपायच्या आणि उजव्या हाताने दुसऱ्या कागदावर उतरवायच्या. बिल क्लिंटनचं पोर्ट्रेट त्याने असंच केलंय. ह्यात कुठे दैवी शक्ती दिसते का तुम्हाला? मला तर एका चांगल्या कारागिराचं डोकं दिसतं, हाताशी जे आहे त्यातून जुगाड जमवणारं.

बरं, 'स्वतः शिकलेला' म्हणजे एकटा कोपऱ्यात बसून शिकलेला, असाही गैरसमज नको. ज्याला दिसत नाही त्याला आकाश निळं असतं हे कुणीतरी सांगावंच लागणार ना. ह्या माणसाने भेटेल त्याला विचारून विचारून भंडावून सोडलं असणार. ह्याचा रंग कोणता, त्याची सावली कशी पडते, लांबचा डोंगर कसा दिसतो. सावलीचा किस्सा मला फार आवडतो. सुरुवातीला त्याचा समज होता की सावली त्या-त्या वस्तूच्याच रंगाची असते, लाल वस्तूची सावली लाल. काय चुकलं सांगा? जो माणूस कधी उजेडात उभा राहून जमिनीकडे बघू शकला नाही त्याच्यासाठी हा तर्क एकदम बरोबर आहे. मग कुणीतरी सांगितलं की नाही बाबा, तसं नसतं, आणि त्याने सुधारून घेतलं. शिकणं ह्यालाच म्हणतात आणि आर्ट कॉलेजमध्येही ह्याहून वेगळं काही होत नाही, फक्त तिथे फी भरावी लागते.

आता मुद्द्याची गोष्ट, परस्पेक्टिव्ह. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या प्रत्येकाने ह्यात मार खाल्लाय. रस्ता लांब जाताना निमुळता कसा काढायचा, टेबलाचे मागचे पाय किती छोटे, ठोकळ्याच्या कडा कुठे जाऊन मिळतात. डोळे असून आपली ही गत, आणि हा माणूस लांबची वस्तू बरोबर लहान काढतो, कडा एका बिंदूकडे नेतो. कसं काय?

टोरांटो युनिव्हर्सिटीचे जॉन केनेडी नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत, अंध लोक चित्रं कशी काढतात ह्यावर त्यांनी कित्येक वर्षं घालवली आहेत. त्यांचं म्हणणं ऐकलं की डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. हे करून बघा. घरातल्या दाराच्या अगदी जवळ उभे राहा, डोळे मिटा आणि दोन्ही हात लांब करून चौकटीच्या डाव्या-उजव्या बाजूंकडे बोटं करा. हात चांगले फाकलेले असतील. आता चार-पाच पावलं मागे जा, परत बोटं करा. हात जवळ आले ना? अजून मागे जा, अजून जवळ. दार तेवढंच आहे, तुमच्या हातांमधला कोन कमी झाला. झालं, परस्पेक्टिव्ह म्हणतात ते एवढंच, आपण जिथे उभे आहोत तिथून कुठली गोष्ट कुठल्या दिशेला आहे. आणि दिशा कळायला डोळे लागतातच असं नाही, जो माणूस जन्मभर चाचपत, आवाजाच्या अंदाजाने, पावलं मोजत घरात वावरलाय त्याला दिशा आपल्यापेक्षा जास्तच कळत असणार. मला शाळेत ड्रॉइंगच्या सरांनी व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे लांब जाणाऱ्या रेषा जिथे मिळाल्यासारख्या दिसतात तो बिंदू, फळ्यावर काढून दाखवला होता पण असं कुणी दारात उभं केलं नव्हतं, केलं असतं तर बरं झालं असतं.

केनेडींनी आर्माआनच्या चाचण्या घेतल्या. रबरी पाटीवर एक खास प्लास्टिकची शीट असते, तिच्यावर पेनने दाबून रेघ मारली की ती रेघ वर उठते, हाताला लागते. त्यावर घन काढायला लावले, एक फिरवलेला, एक डावीकडचा, एक लांबचा. गड्याने ते अंतराप्रमाणे लहान-मोठे, कडा निमुळत्या करत काढले. 2006 मध्ये त्यावर पेपर आला. नंतर टीव्हीच्या एका डॉक्युमेंटरीसाठी त्याला इटलीत फ्लॉरेन्सलाही नेलं, तिथल्या त्या अष्टकोनी बॅप्टिस्टरीसमोर, म्हणजे बाप्तिस्मा द्यायच्या जुन्या इमारतीसमोर. जागा मुद्दाम निवडलेली बरं का, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुविशारदाने परस्पेक्टिव्हचं पहिलं गाजलेलं प्रात्यक्षिक ह्याच इमारतीचं चित्र काढून केलं होतं. सहाशे वर्षांनी तिथेच एक जन्मांध माणूस उभा राहतो आणि तीच इमारत परस्पेक्टिव्हमध्ये काढतो. हे वाचताना मात्र माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू.

मग बोस्टन. हार्वर्डचे अल्वारो पास्कुअल-लिओने आणि त्यांच्या टीमने त्याला एमआरआयच्या नळीत झोपवलं, हातात वस्तू देऊन चाचपायला लावली आणि तिथेच आडवं पडून तिचं चित्र काढायला लावलं. मेंदूचा मागचा भाग, जो आपल्यात बघण्याचं काम करतो, तो चित्र काढताना कामाला लागलेला दिसला. 2008 मध्ये हे छापून आलं. ब्रेल वाचणाऱ्या अंधांमध्ये तो भाग कामाला लागतो हे आधी माहीत होतं, इथे तो चित्रासाठी लागला. आता पास्कुअल-लिओने काय किंवा केनेडी काय, ते शास्त्रज्ञ आहेत, त्यांचं ते कामच. पण एमआरआयची ती ठकठक सहन करत पडून राहणं, परदेशात कुणी अनोळखी माणूस म्हणतोय म्हणून घन काढत बसणं, हे ह्या माणसाने केलं, आणि त्याचा उपयोग कुणाला, तर पुढे येणाऱ्या अंध मुलांना. मी तर ह्याला दानच म्हणतो. पैशाच्या पावतीचंच दान असतं असं थोडंच आहे.

पावतीचंही आहे म्हणा. 2010 च्या आसपास व्हॉल्व्हो कंपनीने त्यांची नवी एस60 गाडी त्याच्यापुढे उभी केली, त्याने ती बोनेटपासून डिकीपर्यंत हातांनी फिरून बघितली आणि चित्र काढलं. ते चित्र लिलावात काढलं आणि पैसे वर्ल्ड ब्लाइंड युनियनला. आता कुणी म्हणेल ही तर जाहिरात झाली. झालीच ना! कंपनी काय धर्मादाय करायला बसलीय का. पण त्या व्हिडिओत गाडीच्या पत्र्यावरून फिरणारे त्याचे तळहात बघा, एकेक कड, एकेक खाच किती सावकाश तपासतोय. जाहिरात कंपनीची, हात त्याचे. आणि अंध माणसाच्या कामाचे पैसे अंधांच्या संघटनेला गेले हे मला आपल्याकडच्या त्या शाल-श्रीफळ आणि फोटोपुरत्या मदतीपेक्षा शंभर पट बरं वाटतं.

एक गोष्ट मात्र बोलतोच, नाहीतर ही पोस्टही त्या व्हायोलिनवाल्या व्हिडिओसारखी व्हायची. त्याची सगळी पेंटिंग्ज मला आवडत नाहीत. मासे, फुलपाखरं, तळ्याकाठचं घर, मागे डोंगर, भडक निळा, भडक पिवळा, काही अगदी वाण्याच्या कॅलेंडरवरची वाटतात. पण त्या शीटवरच्या साध्या रेषा, रंग नसलेल्या, त्या बघून मी थांबलो. तिथे कुणाचं ऐकून लावलेलं निळं-पिवळं नाही, फक्त त्याला हाताने जे कळलं तेवढंच आहे. आवडीनिवडीने चित्रकार जोखावा, आंधळा आहे म्हणून सगळंच वा वा, हाही त्याचा अपमानच की.

आपल्याकडे बिनोद बिहारी मुखर्जी होऊन गेले, शांतिनिकेतनचे, 1950 च्या दशकात ऑपरेशननंतर नजर पूर्ण गेली तरी कागद कापून, चिकटवून चित्रं करत राहिले, टाइल्सचं भित्तिचित्रही केलं. पण त्यांच्याकडे आधी बघितलेल्याचा मोठा साठा होता. ज्याने काहीच बघितलेलं नाही अशा मुलाच्या हातात आपण काय देतो? पेटी, तबला, फार तर वेताच्या खुर्च्या विणायचं काम. गाणं वाईट नाही हो, पण चित्र त्याच्यासाठी नाहीच हे ठरवलं कुणी? आणि आर्माआनला चमत्कार म्हटलं की नेमकी हीच पळवाट मिळते, तो देवाचा लाडका, आपला बंड्या साधा, त्याला कशाला कागद द्यायचा.

खर्च काय आहे सांगा. त्या शीटचा आणि पाटीचा सेट मिळाला तर उत्तमच, नाही मिळाला तर जुना माउसपॅड, वर पातळ प्लास्टिक आणि बॉलपेन. जोर लावून ओढलं की बोटाला रेघ लागते, मी करून बघितलंय. पहिल्यांदा जरा फाटतं, मग दाबायचा अंदाज येतो.

तर, अंध शाळेत शिकवणारे कुणी इथे असाल, किंवा तुमच्या ओळखीत कुणी असेल, तर कमेंटमध्ये टॅग करा. तुमच्याकडे मुलं चित्रं काढतात का, कशावर काढतात, आणि काढत नसतील तर शनिवारी तासभर येऊ का मी? माउसपॅड मी आणतो.