लोखंडी घर: दर बघून भुलू नका, बोल्ट बघा

कोकणात हल्ली स्लॅबऐवजी लोखंडी सांगाडा आणि पफ पॅनलचं (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या तक्त्यांचं) घर बांधायचा विचार बरेच जण करतात. विचार चांगलाच आहे. माझा आक्षेप आहे तो चौरस फुटाचा दर तेवढा बघून फॅब्रिकेटर ठरवण्याला.

०.५ मिमी पत्र्याचं वजन चौरस मीटरला साधारण ४ किलो, चार इंची स्लॅबचं २५० किलो. खर्च वाचतो तो इथे. सेंट्रिंग नाही, क्युरिंगसाठी थांबणं नाही, आणि खडी-वाळूचा डंपर चढत नाही अशा उतारावरही काम होतं.

पण हाच हलकेपणा वादळात अंगाशी येतो. आयएस ८७५ या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय. वाऱ्याचा दाब काढायला ०.६ × ४४ × ४४ करा: चौरस मीटरला ११६० न्यूटन, म्हणजे जवळपास ११८ किलोचा जोर. छपराच्या कोपऱ्यांना आणि कडांना वर खेचणारा जोर याहूनही जास्त असतो, आणि त्याच्यासमोर पत्रा ४ किलोचा! ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडमध्ये किती छपरं उडाली ते सगळ्यांनी पाहिलंय. पत्रा स्क्रूला, स्क्रू पर्लिनला (पत्र्याखालच्या आडव्या पट्टीला), पर्लिन कैचीला (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला), कैची खांबाला आणि खांब जे-बोल्टने (काँक्रीटमध्ये पुरलेल्या वाकड्या बोल्टने) पायाला धरून असतो. यातला एक जोड कच्चा असला की बाकीच्यांचा उपयोग नाही. म्हणून ‘घर हलकं आहे, पायाचे खड्डे छोटे चालतील’ हे ऐकू नका. घर जमिनीला धरून ठेवायला पायाला वजन लागतंच.

दुसरा शत्रू गंज. तो बहुतेक वेळा कामाच्या दिवशीच पेरला जातो. ग्राइंडरने पत्रा कापला की कडेचं कोटिंग जळतं, आणि उडालेला लोखंडी कीस झाडला नाही तर पहिल्याच पावसात तांबडे ठिपके उठतात. पत्रा निबलरने (पत्रा कुरतडून कापणाऱ्या यंत्राने) किंवा कात्रीने कापायला लावा. वेल्डिंगच्या जागी नुसता रेड ऑक्साइडचा लाल रंग पुरत नाही, झिंकयुक्त प्रायमर हवा. पोकळ पाइपची तोंडं बंद करून घ्या, नाहीतर पाइप आतून सडतो. खांबाची बेस प्लेट (तळाची जाड पट्टी) अंगणाच्या पातळीहून निदान सहा इंच वर ठेवा.

उन्हासाठी छपराला निदान ५० मिमी पफ घ्याच. पैसे कमी पडत असतील तर फरशी साधी घाला, पण इथे कपात नको.

कोटेशनमध्ये पत्र्याच्या कोटिंगचं चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन, स्क्रूचा प्रकार, जे-बोल्टचा व्यास आणि लांबी लेखी मागा. घर झालं की दरवर्षी मृगाच्या आधी छपरावर माणूस चढवून सैल स्क्रू आणि चिरलेले रबरी वॉशर बदला. चढताना पाय पर्लिनच्या रेषेवरच ठेवायला सांगा, मधे ठेवला की पत्रा दबतो आणि तिथेच पाणी साचतं.