आईला रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो?

आज संध्याकाळी आई रस्त्याच्या मधोमध अडकली.

अपघात वगैरे काही नाही, आधीच सांगते, नाहीतर लगेच फोन सुरू होतील. ती धडधाकट आहे, आतल्या खोलीत वाचत पडलीये. पण मला काही केल्या स्वस्थ बसवत नाहीये, म्हणून लिहितेय.

झालं असं. आई ७६ वर्षांची. आठवड्यातून दोनदा वाचनालयात पुस्तक बदलायला जाते, एकटी जाते, आणि कुणी सोबत आलेलं तिला खपत नाही. आज योगायोगाने मी कामावरून परतताना तिला गाठलं. सिग्नलवरचा हिरवा माणूस लागला, आम्ही निघालो. अर्ध्याच्या थोडं पुढे गेलो असू, तर तो लुकलुकायला लागला, आणि आम्ही अजून भररस्त्यात असतानाच लाल झाला. एका गाडीवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. दुसरा काच खाली करून म्हणाला, "आजी, झेपत नाही तर घरी बसा ना!"

आई काही बोलली नाही. पलीकडे पोचल्यावर खांबाला धरून जरा उभी राहिली. घरी आल्यावर चपला काढता काढता मला म्हणाली, "पुढच्या वेळेपासून पुस्तकं तूच आणत जा."

बस. एवढंच.

त्या माणसावर मी फार वेळ चिडू शकले नाही. उद्धट होता, पण तो काय, सिग्नल संपला की निघणारच. माझा राग आहे तो सिग्नलवर. म्हणजे तो तेवढ्याच सेकंदांचा ठेवायचा, असं टेबलावर बसून ज्याने कुणी ठरवलं त्याच्यावर. आईला घरी सोडून मी परत गेले आणि मोबाइलवर वेळ लावली. (हो, वेड्यासारखी उभी होते तिथे. तीनदा मोजलं.) बारा सेकंद. रस्ता साधारण १४ मीटरचा. या गणितात माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरलेलं आहे, आणि जगात बऱ्याच ठिकाणी हाच आकडा धरतात. इंग्लंडमध्ये ६५ च्या पुढच्या लोकांचा चालण्याचा वेग मोजला, तर सरासरी निघाली पुरुषांची ०.९ आणि बायकांची ०.८. म्हणजे सिग्नलने ज्या म्हाताऱ्या माणसाची कल्पना केली आहे, तो मुळात म्हातारा नाहीच!

माझी आई ०.७ ने चालत असेल. तिला वीस सेकंद हवेत. आठ सेकंद जास्त. आठ!

आता ज्येष्ठांसाठीचा कुठलाही सरकारी आराखडा उघडा, कुठल्याही देशाचा. विशेष वॉर्ड, आरोग्य शिबिरं, विमा, हेल्पलाइन, आणि मुखपृष्ठावर दोन हसरे आजी-आजोबा. सगळी तयारी कशाची, तर माणूस पडल्यानंतरची. तो पडूच नये, घरात बसू नये, याची तयारी कुठे असलीच तर शेवटच्या पानावर. नुसत्या पडण्याने जगात दरवर्षी पावणेसात लाखांहून जास्त माणसं जातात, आणि त्यांत ६० च्या पुढची सगळ्यात जास्त. खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशनला सरकार पैसे देईल. फूटपाथची उखडलेली फरशी बसवायला मात्र निधी नसतो. हाडाचं खातं वेगळं आणि फरशीचं खातं वेगळं ना!

बरं, हे कुणाला माहीत नाही अशातला भाग नाही. १९८२ साली व्हिएन्नात जगभरची सरकारं म्हातारपणावर बसून बोलली. २००२ मध्ये माद्रिदला पुन्हा बोलली. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली वृद्धस्नेही शहरांची अख्खी मार्गदर्शिका काढली, ३३ शहरांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून. त्यात बाक आहेत, स्वच्छतागृहं आहेत, फूटपाथ आहेत, आणि रस्ता ओलांडायला पुरेसा वेळ द्या हेही आहे. २०२१ ते २०३० हे तर संयुक्त राष्ट्रांचं निरोगी वार्धक्याचं दशक आहे. अर्ध्याहून जास्त दशक सरलं, आणि आमचा हिरवा माणूस अजून बारा सेकंदांवर.

आणि करता येत नाही म्हणावं, तर सिंगापूरने २००९ पासून केलंय. ज्येष्ठांनी आपलं कार्ड सिग्नलच्या खांबाला लावायचं, की हिरवा दिवा ३ ते १३ सेकंद जास्त राहतो. काम संपलं. त्याच वर्षी अमेरिकेने हिशेबातला वेग सेकंदाला ४ फुटांवरून साडेतीनवर आणला. अर्धा फूट! पण कुणीतरी बसून विचार केला ना, की आपली माणसं हळू झाली आहेत, तर आकडा बदलू.

हो, मान्य आहे, सगळीकडे सिग्नल लांबवले तर गाड्या तुंबतील. मान्य. तुंबू देत थोड्या.

पैशाचं म्हणाल तर तेही खरंच आहे, सरकारांकडे पैसा कमी आणि मागणारे पुष्कळ. पण शेवटी खर्च तर होणारच आहे. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा विमा आणला. जपानमध्ये चाळिशीपासूनच हप्ता भरावा लागतो. म्हणजे तुम्ही म्हातारे होणार आहात, हे सरकार तुम्हाला चाळिसाव्या वर्षी तोंडावर सांगतं. मला हे फार आवडलं. आपण मात्र म्हातारपण म्हणजे दुसऱ्या कुणाला तरी होणारा आजार समजतो.

वेळही नाहीये हो हातात. ६० च्या पुढच्यांचं प्रमाण १० टक्क्यांवरून २० वर जायला फ्रान्सला जवळजवळ १५० वर्षं मिळाली. ब्राझील, चीन, भारत यांना मिळणार आहेत वीसच्या थोडी वर. फ्रान्सला रस्ता ओलांडायला मिळाला आरामात, आणि बाकीच्यांना बारा सेकंद. २०५० पर्यंत जगात ६० च्या पुढची माणसं २१० कोटी होतील म्हणतात. त्यात मी असेन. तुम्हीही असाल, ही पोस्ट वाचणारे जवळजवळ सगळे.

इथपर्यंत लिहून मी उठले, पाणी प्यायले, आणि एक गोष्ट आठवली. ती लिहिली नाही तर हे सगळं लबाडी होईल.

हिरवा माणूस लुकलुकायला लागला ना, तेव्हा मी आईचा दंड धरून ओढला होता. आणि म्हणाले होते, "आई, चल ना लवकर!" त्याच आवाजात. त्या गाडीवाल्याच्या आधी मीच.

ती माझ्याकडे बघून ओशाळल्यासारखं हसली. मुलीला उशीर करतोय म्हणून. जिने मला चालायला शिकवलं वगैरे लिहिणार होते, पण नको, तसलं वाचून मलाच कसंतरी होतं. खरं तेवढंच सांगते. घरातसुद्धा मी दिवसभर तेच करते. तिच्या हातातलं काम काढून घेते, कारण माझं पटकन होतं. "तू बस" म्हणते. ती बसते. म्हाताऱ्या माणसाचं बसणं साधं नसतं. धडधाकट वृद्धांना नुसते दहा दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं, तर पायांचा जवळपास किलोभर स्नायू गेला होता. मी प्रेमाने बसवते आणि सिग्नल धाकाने बसवतो, पण पायांना त्यातला फरक कुठून कळणार?

न्यूझीलंडमध्ये ओटागो नावाचा व्यायामाचा कार्यक्रम आहे. घरच्या घरी करायचे पायांच्या ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम, शिकवायला प्रशिक्षित माणूस घरी येतो, आणि सोबत नेमाने चालायचं. पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झालं. औषध नाही, मशीन नाही. अशा गोष्टीची फीत कापता येत नाही, म्हणून ती आराखड्यात येत नाही असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ते चालायचं कुठे, तर पुन्हा त्याच रस्त्यावर.

आईला वाचनालयात पुस्तकच हवं असतं असं नाही. तिथे खिडकीशी दोघी-तिघी जणी बसलेल्या असतात, कुणाचे डोळे, कुणाची सून, असं काहीतरी चालतं. मी पुस्तक आणून देईन. ती खिडकी कशी आणून देऊ?

आत्ता आत जाऊन पाहिलं. म्हटलं, "आई, सोमवारी आपण दोघी जाऊ, मी हात नाही ओढणार." तिने चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाली, "बघू." आज नेमकं जाड पुस्तक आणलंय तिने. चारेक दिवस पुरेल. तोवर मी वाहतूक शाखेला अर्ज लिहितेय. रस्त्याची रुंदी, बारा सेकंद, वीस सेकंद, सगळं त्यात घालतेय. तुमच्याही घराजवळचा सिग्नल मोजून खाली टाका, मी सगळे आकडे एकत्र जोडेन.