हेरिटेज यादीत नाव आलं म्हणजे घर गेलं?

मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या सोसायट्यांत एक निरोप पुन्हा पुन्हा फिरतो. थोडक्यात असा: इमारत महापालिकेच्या हेरिटेज यादीत गेली की मालकी नावापुरती उरते, खिळा ठोकायलाही परवानगी लागते, पुनर्विकास कायमचा बंद होतो, आजूबाजूच्या शंभर मीटरमधली बांधकामं अडकतात आणि शेवटी दुरुस्तीअभावी इमारत डोक्यावर कोसळते.

शंभर मीटरचं आधी उरकून टाकू. तो नियम १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० च्या दुरुस्तीने आला आणि तो केंद्राच्या संरक्षित स्मारकांना लागतो. महापालिकेची यादी १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली, मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतून येते. त्या नियमावलीत हेरिटेजचा नियम १९९५ साली आला. अख्खा परिसरच यादीत असेल तर तिथे निर्बंध असतात, पण शंभर मीटरची दोरी घेऊन मोजायला कुणी येत नाही.

खिळ्याची गोष्ट अर्धी खरी आहे. यादीतल्या इमारतीला नुसता रंग द्यायचा तरी नियमानुसार आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, हे कबूल. पण सगळ्यांना एकच मोजपट्टी नाही. यादीत इमारतींच्या श्रेणी आहेत. श्रेणी १ मध्ये आतबाहेर जवळपास काहीच बदलता येत नाही. २-अ मध्ये आतले बदल आणि नवा वापर चालतो, २-ब मध्ये त्याच भूखंडावर भर घालायलाही वाव आहे. श्रेणी ३ मध्ये तर अटींसह पुनर्बांधणीचाही मार्ग आहे. 'कायमचा बंद' लिहिणाऱ्याने आपल्या इमारतीची श्रेणी तरी पाहिली होती का?

मालकीचं म्हणाल तर सातबारा असो की मालमत्ता पत्रक, यादीमुळे त्यावरचं नाव बदलत नाही. इमारत विकता येते, भाड्याने देता येते. परवानगी नाकारल्याने न वापरलेलं चटईक्षेत्र (भूखंडावर बांधता येणारं क्षेत्र) वाया जात असेल तर मोबदल्यात टीडीआर, म्हणजे ते क्षेत्र दुसरीकडे वापरण्याचा किंवा विकण्याचा हक्क, मिळण्याची तरतूद आहे. यादीतलं ऑपेरा हाऊस खासगी मालकीचंच आहे. १९९३ साली बंद पडलेलं ते नाट्यगृह डागडुजीनंतर २०१६ मध्ये पुन्हा उघडलं.

आता कोसळण्याचं. इथे नेहमी एस्प्लनेड मॅन्शनचं, म्हणजे जुन्या वॉटसन हॉटेलचं, उदाहरण येतं. इंग्लंडमधून सुटे लोखंडी भाग आणून १८६० च्या दशकात उभारलेली ही वास्तू. १८९६ साली ल्युमिए बंधूंची चलच्चित्रं मुंबईकरांनी इथेच पाहिली. इमारत यादीत आहे, २००५ मध्ये तिचा काही भाग पडला आणि २०१९ मध्ये ती रिकामी करावी लागली. सगळं खरं. पण ती खंगली ती यादीमुळे नव्हे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरू ती करीना, आणि दोघांची भांडणं न्यायालयात. यादी आली तोवर हा खेळ अर्धं शतक चालला होता. उलट २०१३ मध्ये डॉकयार्ड रोडला पडलेली, ६० हून अधिक बळी घेणारी इमारत १९८० च्या सुमाराची, खुद्द महापालिकेची होती. तिला कुठल्या हेरिटेजने अडवलं होतं?

निरोपात खरी तक्रार मात्र राहूनच गेली. नियम देखभालीची जबाबदारी मालकावर टाकतो, खर्च पालिका देत नाही. आणि टीडीआर मिळतो तो न वापरलेल्या चटईक्षेत्रापोटी. दक्षिण मुंबईतल्या कित्येक जुन्या इमारतींनी आजच्या मर्यादेपेक्षा जास्त क्षेत्र केव्हाच वापरलंय. तुटपुंज्या भाड्यावर बसलेल्या त्या मालकाच्या हाती मग फक्त परवानगीचा अर्ज उरतो.